घरीच तर आहेस!

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात राहणारी ३२ वर्षांची वाचक. शिक्षण एम.कॉम. नागपुरातल्या एका कंपनीचं हिशेबाचं काम गेली साडेचार वर्षं घरून करते: व्यापाऱ्यांची बिलं तपासणं, जीएसटीच्या नोंदी, महिनाअखेरचा ताळमेळ. घरी नवरा, सासू-सासरे, सहा वर्षांची मुलगी, अडीच वर्षांचा मुलगा. सासूबाईंचे गुडघे दुखतात. सात एकर कोरडवाहू. कापूस, सोयाबीन, तूर. आता कंपनीनं कळवलं आहे की पुढच्या महिन्यापासून आठवड्यातून तीन दिवस ऑफिसात या. जमत नसेल तर राजीनामा देऊन करारावर घरूनच काम करा, जितकी बिलं तितके पैसे. सासू-सासरे म्हणतात, करार घे, लेकरांकडे लक्ष राहते. नवरा म्हणतो, तुला वाटते ते कर. ती लिहिते: “ताई, घरून काम करते म्हणून मी नशीबवान, असं सगळेच म्हणतात. लेकरं डोळ्यासमोर आहेत. लहाना रडला तर मोठी सांभाळते, खूप समजदार आहे ती. तरी मी दिवसभर चिडचिड करते अन् रात्री रडते. खरं सांगू का, मले ऑफिसात जावंसं वाटते. अन् तसं वाटते याचीच लाज वाटते. लेकरं एवढी लहान असताना घर सोडून जावंसं वाटणारी मी कशी माय?”

उत्तर:

लाजेचं आधी उरकून टाकू, नाही तर बाकीचा हिशेब नीट मांडता येणार नाही. (आणि तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस. वयानं तू माझ्या भाचीच्या बरोबरीची.)

तुझ्या सासूबाईंना एकदा निवांत विचार, त्यांची लेकरं लहान होती तेव्हा त्या दिवसभर कुठे असायच्या. ‘घरी’ असं उत्तर येईल असं मला वाटत नाही. सात एकर कोरडवाहूच्या घरातली सून निंदणाला जायची, वेचणीला जायची, आपलं आटोपलं की दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जायची. लेकरू बांधावरच्या निंबाला बांधलेल्या झोळीत, नाही तर घरी म्हातारीजवळ. लेकरं लहान आहेत तोवर आईनं उंबरठा ओलांडू नये ही रीत आपल्या खेड्यांत होती ती वाड्यातल्या दोन-चार घरांची. बाकी सगळ्या माया कामावरच होत्या आणि ‘ही कशी माय’ असं त्यांना कुणी विचारलं नाही. तू उद्या वावरात जायला निघालीस तर आजही कुणी विचारणार नाही. नागपूरच्या गाडीत बसायला निघालीस की विचारतील. वावरातलं काम घराचं समजलं जातं आणि पगाराचं काम तुझं एकटीचं, एवढाच काय तो फरक. पगार मात्र घरातच येतो.

ऑफिसात जावंसं वाटण्यात लाजण्यासारखं काहीही नाही. तिथे डबा बसून खाता येतो. चहा गरम असतानाच प्यायला मिळतो. तीन दिवस न जुळणारा ताळमेळ जुळला की शेजारच्या खुर्चीतली कुणी तरी ‘कसा काय सापडला गं?’ म्हणून विचारते. गावातले बाप्ये रोज संध्याकाळी पानठेल्यावर तासभर उभे राहतात, त्यांना आपण बाप म्हणून कसे असं कुणी विचारतं का?

पण जुन्या दिवसांचे गोडवे मला गायचे नाहीत. माया वावरात जायच्या, तेव्हा त्याची किंमत घरातलं कुणी तरी मोजत होतं. माझ्या वर्गात एक मुलगी होती, पाढ्यांत सगळ्यांच्या पुढे. वेचणी सुरू झाली की ती शाळेत दिसेनाशी व्हायची आणि उलंगवाडी (कापसाची शेवटची वेचणी) झाली की परत यायची, तोवर गणित कुठल्या कुठे गेलेलं असायचं. आम्ही शाळेत जाताना ती ओसरीवर दिसायची, कडेवर भाऊ. गुरुजी घरी विचारायला गेले तर तिची आई कौतुकानं सांगायची, ‘लय समजदार आहे पोरगी, लहान्याले तेच सांभाळते.’

आता तुझं पत्र पुन्हा वाच. तुला सगळ्यांत जड गेलं असेल ते लाजेचं वाक्य लिहिणं. मला मात्र ‘मोठी सांभाळते’ हे वाक्य जास्त लागलं. ते तू ओझरतं लिहिलंस, म्हणून जास्तच.

तू म्हणशील, माझी पोरगी रोज शाळेत जाते. जाते, मान्य. पण शाळेतून आल्यापासून तुझी ड्युटी संपेपर्यंत, आणि उन्हाळ्याच्या नि दिवाळीच्या सुट्टीत दिवसभर, ती कामावर असते. घरून काम केल्यामुळे लेकरांना आई मिळते असं सगळे धरून चालले आहेत. प्रत्यक्षात तुझ्या धाकट्याला आई म्हणून सहा वर्षांची बहीण मिळाली आहे आणि मोठीची आई दाराआड आहे. तिला ‘तुला त्रास होतो का’ असं विचारू नकोस, समजदार पोरी नाहीच म्हणतात. नुसतं विचार, काल संध्याकाळी काय खेळलीस. उत्तर द्यायला तिला वेळ लागला तर समजून जा.

‘लेकरं डोळ्यासमोर आहेत’ हेही एकदा तपासून पाहा. तुझ्या डोळ्यासमोर आहेत, हे खरं. लेकराच्या बाजूनं काय दिसतं? आई घराबाहेर गेली तर अडीच वर्षांचं पोर थोडा वेळ रडतं आणि मग आजीत, कोंबड्यांत, मातीत रमतं. आई दाराच्या फटीतून दिसत असेल तर ते दिवसभर दार वाजवतं. त्याचं काही चुकत नाही. त्याला महिनाअखेर कळत नाही. त्याच्या लेखी आई समोर आहे आणि घेत नाही.

घरून काम करणाऱ्यांचे दिवस कसे जातात हे मला पत्रांतून आणि ओळखीच्या पोरींकडून बरंच कळतं. मे महिन्यातली दुपार घे. वर्धा, चंद्रपूर, नागपूर, कुठेही पारा ४५ च्या आसपास. घरात एकच कूलर, त्याच खोलीत काम करणारी आई आणि झोपलेलं पोर. मीटिंग सुरू झाली की कूलरच्या घरघरीत समोरच्याला काही ऐकू जात नाही, म्हणून कूलर बंद. तो बंद झाला की दहा मिनिटांत पोर घामानं थबथबून उठतं. ते उठलं की माईक बंद. तिकडून साहेबांचा आवाज, ‘मॅडम, आहात ना?’ एवढ्यात लाईन जाते, वायफाय जातं, आणि मॅडम मोबाईल हातात धरून तापलेल्या गच्चीवर, जिथे कशीबशी रेंज येते. मीटिंग संपवून खाली येते तो सासरे विचारतात, आज चहा नाही का झाला?

तुझा हिवाळाही काही सुखाचा नाही. पत्राच्या मध्येच तू लिहिलं आहेस की वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी बाया कापूस घेऊन आल्या की काटा तूच धरतेस, कुणाचे किती किलो ते वहीत तूच मांडतेस, कारण ‘तू घरीच तर आहेस’. ड्युटी साडेसहापर्यंत, काटा साडेपाचला. तो तास तू रात्री लेकरं झोपल्यावर भरून काढतेस आणि मग रडतेस. अगं, रडू नाही येणार तर काय होईल?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात जाणारा रोजचा सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ८८ मिनिटं. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास, आणि लेकरं-म्हाताऱ्यांची देखभाल त्यात धरलेली नाही. तू ऑफिसात गेलीस म्हणून हे पाच तास नाहीसे होणार नाहीत. पण घरी बसलीस की ते तुझ्या ड्युटीच्या आत घुसतात आणि कुणाला दिसतही नाहीत. तू घराबाहेर असतेस तेव्हा निदान दिसतं की आज स्वयंपाक कुणी तरी दुसऱ्यानं करायचा आहे.

म्हणून घर की ऑफिस हा प्रश्न मी नंतर घेईन. त्याआधीचा प्रश्न असा, की तुझ्या ड्युटीच्या वेळेत घर आणि लेकरं कुणाच्या हवाली? ‘ती पाहते ना’ हेच याचं उत्तर असेल, तर घरून काम केलंस तरी मोडशील आणि ऑफिसात गेलीस तरी मोडशील. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात एक तरतूद होती. कामाच्या जागी बायकांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील, तर त्यांतल्या एकीनं माती खोदायची नाही, लेकरं सांभाळायची, आणि तिला मजुरी द्यायची. पुष्कळ ठिकाणी ती कागदावरच राहिली, ते सोड. पण ती लिहिणाऱ्यांना एवढं तरी कळत होतं की एकच बाई एकाच वेळी माती खोदून लेकरू सांभाळू शकत नाही. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या बाईला ते जमतं, असं आपल्याला कुणी सांगितलं?

या विषयावर बायकांचं एकमत नाही, हेही तुला सांगायला हवं. यवतमाळकडच्या एका वाचक बाईंनी मागे कळवलं होतं की घरून काम मिळालं नसतं तर त्यांना नोकरीच सोडावी लागली असती. त्यांचा नवरा बाहेरगावी, आणि सासू अंथरुणाला खिळलेली. त्यांच्यासाठी घर हेच बरोबर. अमरावतीच्या एकीनं नेमकं उलटं लिहिलं: ऑफिस पुन्हा सुरू झालं त्या दिवशी बसमध्ये खिडकीजवळ बसून तिला कितीतरी महिन्यांनी श्वास घेतल्यासारखं वाटलं. आणि एका आरोग्यसेविकेनं मला चांगलंच सुनावलं होतं, की तुमच्या या चर्चा कॉम्प्युटरवाल्यांच्या, आम्हाला लसीची पेटी खांद्याला लावून गावोगाव फिरावंच लागतं. तिचं खरं आहे. आपल्याकडच्या बहुतेक कामकरी आयांना हा प्रश्न पडायची सोयच नाही. पण तुला पडला आहे, तेव्हा नीट पाहू.

करार आधी घेते, कारण घरच्यांचा ओढा तिकडे आहे आणि मला तोच सगळ्यांत वाईट वाटतो. करार म्हणजे वेचणीच आहे, आणि वेचणीचा हिशेब तुझ्याइतका कुणाला कळतो? किलोमागे पैसे. पाऊस आला, वेचणी बंद, पैसे बंद. पोराला ताप आला, बिलं तपासली नाहीत, पैसे नाहीत. भाव ठरवणार कंपनी. वेचणाऱ्या बाया निदान टोळीनं येतात, भाव पटला नाही तर टोळीनं घरी बसतात. तू तुझ्या खोलीत एकटी. राजीनामा दिलास की प्रॉव्हिडंट फंडात मालकाचा वाटा येणं थांबेल. पगारी रजा गेली. ग्रॅच्युइटी मिळायला पाच वर्षं सलग नोकरी लागते, तुझी साडेचार झाली आहेत. नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार या हिशेबानं ती मिळते. सहा महिन्यांसाठी ती रक्कम सोडून देण्याइतकी घाई तुला कशाची आहे? कंपनीला घाई असेल. घरच्यांना यातलं काही ठाऊक नसणार. त्यांना ‘घरूनच काम’ एवढं ऐकू आलं. तू हिशेबाची माणूस आहेस, एका कागदावर दोन रकाने पाड, पगाराचा आणि कराराचा, आणि सासऱ्यांसमोर ठेव. वर्षाला किती पोती कापसाइतका फरक पडतो ते कापसाच्या भावानं मांडून दाखव, लवकर कळेल.

आता ऑफिस. त्याचंही फार कौतुक करायला नको. तुझं गाव स्टेशनापासून सहा किलोमीटर. सकाळी सातला घर सोडायचं, नागपूरच्या अजनी स्टेशनला उतरून पुढे ऑफिस, आणि संध्याकाळची पॅसेंजर मालगाडीला वाट द्यायला मध्ये थांबली तर घरी पोचायला साडेआठ. अपडाऊन करणाऱ्या मास्तरीणबाई, नर्सबाई तुला गाडीत भेटतील. सांबार (कोथिंबीर) निवडता निवडता सगळ्या जगाचं बोलतात, त्यांच्याकडून कुठली गाडी वेळेवर असते ते आधी विचारून घे. रोज तिकीट काढत बसू नकोस, रेल्वेचा महिन्याचा पास पुष्कळ स्वस्त पडतो. एखाद्या दिवशी एसटीनं यावं लागलं तर मार्च २०२३ पासून बायकांना अर्धंच तिकीट आहे. तरीही ते साडेतेरा तास आहेत. त्या दिवशी धाकटा तुला जागा भेटेल न भेटेल. आणि दुखऱ्या गुडघ्यांच्या सासूबाईंनी त्याच्यामागे दिवसभर धावायचं, हे मला मान्य नाही. घर-ऑफिसच्या वादात सासूला फुकटचं पाळणाघर धरणारे खूप भेटतात. आयुष्यभर वावरात राबलेल्या बाईनं साठीनंतर पुन्हा तेरा तासांची ड्युटी का करावी?

तेव्हा तीन दिवसांसाठी एक बाई लागेल. गावात मिळेल, पण आत्ताच बोल. वेचणी सुरू झाली की एकही बाई रिकामी राहत नाही आणि किलोमागचे पैसे सोडून तुझ्याकडे कुणी येणार नाही. म्हणून रोजीनं ठरवू नकोस, महिन्यानं ठरव, बारमाही. मी तर म्हणेन, सहाही दिवस ठेव. ज्या दिवशी तू घरून काम करशील त्या दिवशी तिची गरज जास्त आहे, कमी नाही. पगारातला मोठा तुकडा जाईल आणि घरात कुणी तरी म्हणेल, मग नोकरी कशाला? त्यांना सांग, फवारणीला माणूस लावला की त्याची मजुरी शेतीच्या खर्चात धरतात, कुणी एकट्याच्या नावावर मांडत नाही. लेकरांना सांभाळणाऱ्या बाईची मजुरी सगळ्या घराचा खर्च आहे, तुझा एकटीचा नाही. पोरगा तीन वर्षांचा झाला की अंगणवाडीत पूर्वशिक्षणाला बसेल. थोडेच तास, पण सासूबाईंना आणि त्या बाईला तेवढी उसंत.

तुझ्यासारखा प्रश्न पडलेल्या, पण शहरात किंवा तालुक्याला ऑफिसजवळ राहणाऱ्या वाचकांसाठी एक सांगून ठेवते. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातून चार वेळा लेकराजवळ जाऊ द्यायचं, हे तेव्हापासून कायद्यात आहे. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, पण मागता येतं. तुझ्या उपयोगाचं ते नाही. अडीच वर्षांच्या पोराला घेऊन रोज कुणी दीड तास पॅसेंजरनं जाणार नाही. त्याच दुरुस्तीत बाळंतपणाच्या रजेनंतर घरून काम करू देण्याचंही आहे, मात्र कामाचं स्वरूप तसं असेल आणि दोन्ही बाजूंना मान्य असेल तरच. तो हक्क नाही. त्यामुळे ‘कायद्यानं मला घरून काम द्यावंच लागेल’ असं म्हणून कुणी साहेबाशी भांडायला जाऊ नये.

मग तू काय करावं? माझं मत स्पष्ट आहे: करार घेऊ नकोस, नोकरी टिकव, आणि ऑफिसात जा, पण कंपनीच्या अटी जशाच्या तशा गिळू नकोस. तीनऐवजी दोन दिवस मागून बघ. साडेनऊऐवजी साडेदहाला पोचायची आणि तेवढं काम घरून करायच्या दिवसांत भरून द्यायची सवलत माग. महिनाअखेरच्या आठवड्यात मात्र तीन काय, चार दिवस येईन, असं आपणहून सांग. ताळमेळाच्या दिवसांत तू समोर असणं कंपनीला खरोखर सोयीचं आहे. साडेचार वर्षांत तुझं काम त्यांनी पाहिलं आहे. तुझ्या जागी नवीन माणूस घेऊन शिकवायला त्यांनाही काही महिने घालवावे लागतील. ते दोन दिवसांना नाही म्हणाले तर तीन दिवस जा. निदान ग्रॅच्युइटीची पाच वर्षं पुरी होईपर्यंत तरी जा, तोवर पोरगाही तीन वर्षांचा होईल, आणि तेव्हा पुन्हा विचार कर. हा जन्माचा निर्णय नाही, सहा महिन्यांचा आहे.

घरून काम करायचे दिवस राहतीलच, त्यांचंही बस्तान बसव. आतून कडी लागणारी जागा हवी. घरात वेगळी खोली नसेल तर धान्याची कोठी अर्धी रिकामी करून घे, नाही तर गावातल्या सेवा केंद्रात किंवा एखाद्या नातेवाइकाच्या रिकाम्या खोलीत भाड्यानं टेबल-खुर्ची टाक. हसण्यावारी नेऊ नकोस. उंबरठ्याबाहेर पन्नास पावलांवर गेलीस तरी पोर दार वाजवत नाही आणि सासरे चहा मागत नाहीत. आणि काटा धरायचं काम सोड. तो साडेपाचलाच धरावा लागतो, म्हणून ज्याला साडेपाचला वेळ आहे त्यानं धरावा.

राहता राहिला तुझा नवरा. ‘तुला वाटते ते कर’ हे ऐकायला किती मोकळं वाटतं! भांडण नाही, अडवणूक नाही. पण त्याचा अर्थ असाही होतो की काही बिघडलं तर तूच ठरवलं होतंस. त्याला स्वतःच्या वेळेबद्दल काही ठरवायची गरजच पडली नाही. मी त्याला वाईट म्हणत नाही. पेरणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत कोरडवाहू शेतकऱ्याला खरंच उसंत नसते, हे मलाही कळतं. तरीही तुझ्या ऑफिसच्या दिवशी सकाळी दोन्ही लेकरांना उठवून, आंघोळ घालून, मोठीची वेणी घालून तिला शाळेत सोडणं, आणि संध्याकाळी बाई गेल्यापासून तू येईपर्यंत घरात असणं, एवढं बारमाही त्याचं. ‘मदत कर’ म्हणू नकोस. मदत सांगावी लागते आणि सांगणं हेही कामच आहे. हे तुझं काम, म्हण. वेणी वाकडी येईल. येऊ दे. उलंगवाडीनंतर जूनपर्यंत त्याला बराच मोकळा वेळ असतो, त्या महिन्यांत संध्याकाळचा स्वयंपाकही त्यानं शिकून घ्यावा. वरण-भात नि आलू-वांग्याची भाजी काही अवघड नाही.

हे सगळं एकाच बैठकीत सगळ्यांसमोर मांडू नकोस. आधी सासूबाईंशी बोल, एकटीनं. त्यांच्या गुडघ्यांची काळजी म्हणून बाई ठेवायची आहे, हे त्यांना सगळ्यांत आधी कळू दे. त्या तुझ्या बाजूनं आल्या तर सासरे अडणार नाहीत. नवऱ्याशी नंतर बोल, कागदावरचे दोन रकाने घेऊन.

मोठीला मात्र कशाचीही वाट न पाहता सोडव. तिला सांग, भाऊ रडला तर आता आजीला किंवा बाबाला हाक मार, तू खेळ. पहिले काही दिवस ती तरीही धावत येईल. तिला परत अंगणात पाठव.

आणि कंपनीला जे काही मागायचं ते ईमेलनं माग. फोनवर साहेब ‘बघू, करू’ म्हणतील आणि पुढच्या महिन्याची एक तारीख उजाडेल. सरळ मराठीत लिही: मी नोकरी चालू ठेवू इच्छिते, करार नको, आठवड्यातून दोन दिवस ऑफिसात येईन, महिनाअखेरीस जास्त येईन, तीन महिन्यांनी दोघांनी मिळून आढावा घेऊ. उत्तर लेखी मागव, आणि ते येईपर्यंत कुठल्याही कागदावर सही करू नकोस.